उपरण्याखालचा संप

जगातली सगळी भांडणं एका उपरण्याखाली मावतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून तेही आमचे मामाच. घाटनांदूरकडच्या एका गावात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण जीव सगळा जनावरांच्या बाजारात. तिथं ते दलाली करत. बैलाचा सौदा करताना दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, ही आमच्या भागातली जुनी रीत. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. ते शेकड्यातले की हजारातले, हे समोरच्या बैलाकडं बघून कळतं. बाजारात हे सगळेच करत. मामांचं वेगळेपण एवढंच, की बाजारातून घरी आल्यावरही त्यांचं उपरणं खांद्यावर टिकत नसे. लग्नाची बैठक असो, बांधाची कुरबुर असो, की वांग्यांचा भाव असो, समोरच्याचा हात त्यांच्या उपरण्याखाली कधी गेला हे त्यालाही कळत नसे.

एकदा दूध सोसायटीच्या दारात फॅट कमी लावतात म्हणून उत्पादकांनी कॅन आडवे करून ठेवले. चेअरमन एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, आणि मधे सगळ्यांचा आरडाओरडा. मामांनी चेअरमनचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि डोळे मिटून उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मिटलं." लोक विचारायला लागले, "अहो, पण काय मिटलं?" मामा म्हणाले, "ते पुढल्या हप्त्याला कळंल." आणि खरंच कळलं. त्यांचं म्हणणं असं : "तोंडानं बोललेला आकडा साऱ्या गावाला ऐकू जातो. मग माणसाला मागं सरायची लाज वाटती. हात मागं सरला तर कोणाला दिसतंय?"

माझ्या कॉलेजच्या प्रवेशालाही हेच उपरणं आलं होतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मामा मला अंबाजोगाईला घेऊन गेले, तर खिडकीतला कारकून म्हणाला, "मुदत संपली." मामांनी खिडकीतून हात आत घातला आणि वर उपरणं पसरलं. कारकून दचकून मागं सरला. "अहो काका, मी पैसे घेत नाही!"

"पैशे कोण देतंय, साहेब? हात तर द्या."

मागची रांग हसायला लागली. कारकुनालाही हसू आलं आणि त्यानं हात दिला. मामांनी तो नुसता धरून ठेवला आणि म्हणाले, "ह्याच्या घरातलं हे पैलंच हाय." त्या दिवशी मला प्रवेश मिळाला. पुढं मी मास्तर झालो, चार पुस्तकं वाचली, पण त्या खिडकीत काय ठरलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

हा उपाय एकाच माणसावर चालत नसे. मामांनी घरात जरा हात पुढं केला, की आत्या म्हणायची, "माझ्या हाताला शेण हाय. काय बोलायचं ते तोंडानं बोला."

मी बी.ए.ची परीक्षा देऊन आत्याकडं राहायला गेलो, ते दुष्काळाचं वर्ष होतं. सहकारी कारखान्याला ऊस नव्हता. चारा छावणी मंजूर झाली होती, पण चारा काही येत नव्हता. लोक रोज बैलांच्या फासळ्या बघत आणि पुढच्या बाजाराला किती दिवस उरले ते मोजत. अशात मुंबईहून टीव्ही मालिकेवाले आले. त्यांना बैलांचा बाजार दाखवायचा होता. गावातल्या बैलजोड्या आणि माणसं त्यांनी रोजानं घेतली. मामांचे पवळ्या आणि हरण्याही गेले. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाला आमची जोडी इतकी आवडली, की त्यानं ती नायिकेच्या मागून पुन्हा पुन्हा चालवली. पवळ्या तर नवरदेवासारखा मान ताठ करून चालला. सगळं गाव खूश होतं. फक्त बैल दिवसभर उन्हात उपाशी होते.

दुसऱ्या दिवशी पवळ्यानं स्वतःच मार्ग काढला. देखाव्यासाठी रचलेली कडब्याची गंज त्यानं अर्धी खाल्ली. युनिटचा एकजण ओरडत आला, "अरे, कंटिन्युइटी गेली! पुढच्या शॉटला गंज तेवढीच दिसायला पाहिजे!"

मेंढरं राखणारा एक म्हातारा त्याला म्हणाला, "बैलाला काय म्हाईत बे तुही कंटिनिटी? त्याला भूक म्हाईत हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव बैलांसकट लिंबाखाली जाऊन बसलं. मागणी एकच : कॅमेरा गावात आहे तोवर, शूटिंग असो वा नसो, प्रत्येक जोडीला रोज पोटभर कडबा. मालिकेवाले बरेच दिवस राहणार होते. तेवढा चारा मिळाला तर बैल पावसापर्यंत जगणार होते. नाहीतर पुढच्या बाजारात मिळेल त्या भावानं जाणार होते.

बोलणी करायला प्रॉडक्शन मॅनेजर आला. टोपी घातलेला, दोन हातांत दोन फोन, वयानं माझ्याहून थोडा मोठा असेल. म्हणाला, "मुंबईत संप झाला की युनियनची माणसं येतात, मीटिंग होते. इथं मी कोणाशी बोलू?" गावानं मामांकडं बोट दाखवलं. मामा उठले आणि त्यांनी उपरणं पसरलं. मॅनेजरला वाटलं, आपला सत्कार आहे. त्यानं टोपी काढून मान पुढं केली.

लोक पोट धरून हसले, पण मामा गंभीर झाले. "तुमाला बोटं येत न्हाईत? मग अगोदर शिका. न येणाऱ्यासंगं सौदा केला तर ती चोरी व्हती." आणि संप बाजूला ठेवून त्यांनी मॅनेजरला शिकवायला घेतलं. एक कसा, दीड कसा, पाऊण कसा. दिग्दर्शक छत्रीखाली बसून घड्याळ बघत होता, ऊन सरकत होतं, आणि मॅनेजर सरावासाठी म्हाताऱ्याच्या शेळीचा सौदा करत होता. म्हातारा ओरडला, "मामा, संप मिटवायलाव का शाळा भरवायलाव?" मामा म्हणाले, "गप बस बे. तुही शेळी लई स्वस्तात गेली आत्ताच."

मग खरी बोलणी सुरू झाली. दोघांचे हात आत, दोघं गप्प. मधेच मॅनेजरचा फोन वाजला. तो "हो सर, हो सर" म्हणत बाजूला गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. उपरण्याखाली हात घालून तो मामांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मामांनी एकदा आमच्या बैलांकडं पाहिलं. तेही त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. मग ते म्हणाले, "मिटलं. रोज पोटभर कडबा, सगळ्यांला."

संध्याकाळी कडब्याचा ट्रक आला. गावानं मामांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी मामांनी आपली जोडी सेटवर नेलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "पवळ्याला कॅमेऱ्याची भीती वाटती. सारखा दचकतोय." गावाला नवा विनोद मिळाला. "मामाचा बैल लाजाळू!" म्हणून पोरं ओरडत. शेजारच्यांनी पेंढ्या देऊ केल्या तर मामा म्हणत, "माज्याकडं मस कडबा हाय, पावण्याकडून आणलाय."

आमच्याकडं एक काडी नव्हती. आत्यानं एकदा गोठ्यात त्यांना गाठलं. "खरं सांगा. कावून न्हेत न्हाईत बैलं?"

मामांचा हात सवयीनं पुढं आला.

"हात नगं. तोंडानं बोला."

"लाजतोय गं त्यो," मामा म्हणाले. त्यानंतरच्या बाजारात जोडी विकली गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे बैल विकणाऱ्या मामांनी आपला सौदा मात्र दुसऱ्या दलालाला करायला लावला आणि स्वतः चहाच्या टपरीकडं तोंड करून उभे राहिले.

मालिकेवाले सामान भरून निघाले त्या दिवशी मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुम्ही त्यांच्या घरातले, म्हणून सांगतो. त्या दिवशी निर्माते फोनवर म्हणाले, चारा द्या, पण पुढारी कोण आहे त्याला काढा. त्याचे बैल सेटवर दिसता कामा नयेत, त्यांना काडीही मिळता कामा नये. मी मामांना म्हटलं, मी हा सौदा करत नाही. तर त्यांनी माझा हात सोडलाच नाही. म्हणाले, बाकीच्यांची जित्राबं जगतील आन तुमचीबी नोकरी ऱ्हाईल. गावाला कळू देऊ नका, कळलं तर सगळे परत संपावर बसतील."

मी हे आत्याला सांगितलं. ती दळण निवडत होती. निवडत राहिली. "मला वाटलंच," एवढंच म्हणाली.

पावसाळा होऊन गेला आणि मालिका सुरू झाली. आम्ही रोज बघत होतो. एका संध्याकाळी तो बाजार आला. पुढं नायिका रडत होती. का रडत होती ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या मागून पहिल्या दिवशीचे पवळ्या आणि हरण्या चालत गेले, मान ताठ करून, अगदी संथ.

"पवळ्या!" आत्या ओरडली. "बगा कसा चाललाय. म्हणं भीती वाटती ह्याला!"

जाहिराती लागल्या तेव्हा मामांनी मला विचारलं, "परत दावत्यात का रे हे?" मी म्हणालो, "उद्या सकाळी दाखवतील."

सकाळी मी उठलो तेव्हा दोघं आंघोळ करून टीव्हीपुढं बसली होती. मालिकेला अजून अवकाश होता, पडद्यावर दुसरंच काही चाललं होतं. आत्या चहा ठेवायला उठू लागली, तशी मामा तिला म्हणाले, "बस की जरा. येतील आता."