बूट काढले आणि ऑपेरागृहाचा मंच हुकला

नांदेडच्या वर्तमानपत्रातून रजा काढून मी एका छोट्या अभ्यासक्रमासाठी इटलीत, बोलोन्याला आलो. ऑपेराबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्यात लोक गाता गाता मरतात. ऑपेरागृह पाहायला निघालो ते इथंच ओळख झालेल्या सुवर्णामुळे. ती उदगीरची, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनीअरिंग करून इथं नाट्यगृहांतल्या आवाजाचा अभ्यास करते.

"काका, ऑपेरागृहात माईक न लावता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातंय म्हणतेत. मला त्या मंचावर उभं राहून एकदा बोलून बघायचंय. अभ्यासाचं सोडा, माझ्यासाठीच."

या भागात जुनी ऑपेरागृहं लहान गावांतही आहेत. आम्ही तासाभरावरचं एक निवडलं. पॅसेंजरचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्या, नाहीतर दंड बसतो. आणि जेवण वेळेत उरका. दुपारी हॉटेलं बंद, गाव झोपलेलं. आम्ही बाकावर बसून पाव आणि सुवर्णाच्या आईने पाठवलेली कारळाची चटणी खाल्ली.

"नांदेडला दुपारी कोणी झोपत न्हाई का काका?"

"झोपतात की. गल्ल्यावरच."

बाहेरून ती इमारत जुन्या कचेरीसारखी. आत गेल्यावर मात्र मान वरच राहते. घोड्याच्या नालेसारखं वळलेलं सभागृह, एकावर एक सज्जे, लाल मखमल. जमिनीखाली मुद्दाम पोकळी ठेवलेली, सतारीच्या भोपळ्यासारखी. गाईडबाई इंग्रजीत सांगत होत्या की पूर्वी सज्ज्यांतली श्रीमंत मंडळी जेवायची, पत्ते खेळायची, आणि आवडतं गाणं आलं की तेवढी गप्प बसायची.

"लग्नातला बँड वाजून राहिला जणू," सुवर्णा पुटपुटली.

शेवटी मंच. विंगेत पोचताच तिने बूट काढले, वाकून फळ्यांना हात लावला, कपाळाला लावला. गाईडबाई धावत आल्या. अनवाणी चालणार नाही. खिळे असतात, नियम आहे. तडजोड म्हणून त्यांनी बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या दिल्या.

"पण आत बूटच की!" सुवर्णा मला म्हणाली. "उदगीरला गॅदरिंगलाबी आम्ही चपला खाली काढून वर चढतोत. न्हाई जमायचं."

"अगं, एवढ्या लांब आलीस ती कशासाठी? हे काही देऊळ नाही."

"तुम्ही जा. मी वर जाऊन ऐकते."

गाईडबाईंनी तिला सर्वांत वरच्या सज्ज्यात नेलं. मी बुटांसकट मधोमध उभा. बसस्टँडवरची आरोळीच म्हटली, पण नेहमीच्या आवाजात: "चला, लातूर, अहमदपूर, नांदेड!"

वरून तितक्याच सहज उत्तर आलं, "हाव काका! शेजारी बसल्यासारखं ऐकू येऊन राहिलंय!"

परतीच्या गाडीत ती बराच वेळ लिहीत होती. मग वही मिटून म्हणाली, "बरोबरच केलं मी. पण काका, लई वाटलं होतं एकदा उभं राहावं."

नांदेडला परतल्यावर सगळे विचारतात, ऑपेरा कसा होता? ऑपेरा ऐकलाच नाही, सांगतो. मंचावर उभा राहिलो होतो, हे मात्र अजून कोणाला सांगवत नाही. ती जागा तिची होती.