अकरा महिन्यांनी मोठी

लग्न ठरताना माझ्या बाबांनी सासरच्या मंडळींपुढे एकाच गोष्टीसाठी मान खाली घातली. मी नवऱ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी होते. बाकी सगळं जमत होतं. शिक्षण बरोबरीचं, नोकरी मला त्याच्या आधी लागलेली, पत्रिकेत अठ्ठावीस गुण. सासूबाईंनी पत्रिकेची घडी घालत म्हटलं, "मुलगी मोठी आहे. पण चालवून घेऊ." ते ऐकून बाबांना इतकं हायसं वाटलं की लग्न मुलाकडच्या गावी, मुलाकडच्या तारखेला, हॉकीच्या मैदानामागच्या हॉलमध्ये, हे सगळं त्यांनी तिथल्या तिथे कबूल करून टाकलं.

मैदानाचं नाव निघालंच आहे तर सांगते. माझ्या सासरच्या गावात क्रिकेटला कोणी विचारत नाही. तिथे हॉकी. त्यातही मोठ्यांची नाही, चौदा वर्षांखालच्या मुलांची. दर थंडीत लाल मातीवर स्पर्धा भरते आणि अख्खं गाव शेंगदाणे खात कठड्यावर बसतं. माझा नवरा एकदा त्या टीममध्ये होता आणि त्या वर्षी टीमने कप आणला होता. तेव्हापासून त्याच्या आयुष्यात दुसरं काही महत्त्वाचं घडलंच नाही, लग्न धरून.

आमचा हनिमून सहा दिवसांचा ठरला होता. शिमल्याच्या वर नारकंड्याला, जानेवारीत, बर्फात. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "फायनल रविवारी आहे. आपण दोनच रात्री राहू या का? तू मोठी आहेस, समजून घेशील." तेव्हा मला ते लाडाचं वाटलं. मी खरंच समजून घेतलं.

त्या दोन रात्रींतलं मला काय आठवतं तर हमरस्त्याचं एक वळण. हॉटेलात फोन लागत नसे. त्या वळणावरच्या दगडी कठड्यावर चढलं तरच दोन काड्या रेंज यायची. सेमीफायनलच्या दुपारी तो कठड्यावर उभा राहून गावातल्या भावाकडून फोनवर मॅच ऐकत होता आणि मी खाली, नव्या बांगड्या भरलेल्या हाताने, त्याच्यावर छत्री धरून होते. बर्फ पडत होतं. माझे पाय बधिर झाले होते. शेवटच्या मिनिटाला आमच्या गावाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, गोल झाला, आणि त्याने कठड्यावरून उडी मारून मला घट्ट मिठी मारली. हनिमूनमधली सगळ्यात मनापासूनची मिठी तीच. ती मला नव्हती, कुठल्यातरी तेरा वर्षांच्या सेंटर फॉरवर्डला होती.

त्या संध्याकाळी शेगडीपाशी बसून रम पिता पिता तो म्हणाला, "आमच्या वेळी मी अंडर-फोर्टीनला दाढी करून मैदानात उतरायचो." मी हसले. बायकोसमोर मारलेली बढाई, एवढंच मला वाटलं.

पुढे तो जहाजदुरुस्तीच्या नोकरीवर सिंगापूरला आला आणि त्याच्यामागे मी. सेम्बावांगचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, टीव्हीच्या वर त्या टीमचा फोटो आणि फोटोच्या खिळ्याला लटकलेलं त्याचं पदक. आमच्या लग्नाचा फोटो बेडरूममध्ये आहे, कपाटाच्या बाजूला, दार उघडलं की झाकला जातो.

चौदा वर्षं मी मोठी होते. माझी नोकरी सोडायची वेळ आली, तू मोठी आहेस. सुट्टीत माझ्या आईकडे जायचं की मैदानावर, तू मोठी आहेस. भांडणात आधी कोणी बोलायचं, तेही मीच. सासूबाई दरवर्षी इथे राहायला येतात आणि आल्या की पहिल्याच आठवड्यात ईस्ट कोस्टच्या बागेत जमणाऱ्या मराठी बायकांना सांगून टाकतात, "आमची सून मोठी हो मुलापेक्षा. पण आम्ही कधी मनात आणलं नाही." बायका माझ्याकडे बघतात. मी डब्यातला चिवडा पुढे करते.

या जानेवारीत त्या आल्या होत्या. स्पर्धा आता फोनवर दिसते. गावातलं कोणीतरी कठड्यावरून मोबाइल धरतं आणि आम्ही इथे रविवारची दुपार त्या हलत्या चित्रासमोर काढतो. प्रतिस्पर्धी टीमचा फुलबॅक चांगला मिशीवाला होता. नवरा म्हणाला, "हा चौदाचा? याला पोरं असतील घरी." सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तू काय कमी होतास? दोन वर्षं कमी लावली होती सरांनी शाळेच्या दाखल्यावर. म्हणून तर कप आला."

नवऱ्याने फोनचा आवाज वाढवला.

मी हिशेब तिथेच, सोफ्यावर बसून केला. चोवीस महिन्यांतून अकरा गेले, उरले तेरा. तो माझ्यापेक्षा तेरा महिन्यांनी मोठा होता. शाळेचा दाखला, त्यावरून पासपोर्ट, त्यावरून इथला नोकरीचा पास. एका कपापायी सगळीकडे खोटी तारीख, आणि त्या तारखेपुढे माझ्या बाबांची मान खाली.

"आणि पत्रिका?" मी विचारलं. "ती कोणत्या तारखेची जुळवली होती?"

"तुम्हाला दिली ती दाखल्यावरची," सासूबाई म्हणाल्या. "खरी आम्ही घरी आधीच बघून घेतली होती. तीही छान जुळत होती." आणि त्यांनी मला सोललेल्या शेंगा दिल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. जिने त्याला जन्म दिला तिला माहीत नसेल तर कोणाला असणार? 'चालवून घेऊ' म्हणताना माहीत होतं, बागेत बायकांना सांगताना माहीत होतं. मला त्यांचा इतका राग आला की त्या आठवड्यात मी त्यांच्या चहात साखर घालायची विसरले, आणि एकदाच नाही.

नवऱ्याला मी गाठलं. तो घाबरला. पास जाईल, नोकरी जाईल, मुलीची शाळा. मी म्हटलं, "सरकारला सांग असं मी म्हणतच नाही. बाबा आता नाहीत, त्यांना सांगता येणार नाही. पण तुझ्या आईसमोर, आपल्या चार माणसांत, एकदा म्हण की तू मोठा आहेस. तेवढंच." त्याने पायाचं नख खुडलं. मग म्हणाला, "वाढदिवसाला सांगतो. चेष्टेत सांगून टाकतो, म्हणजे कोणाला काही वाटणार नाही." चेष्टेत तर चेष्टेत. मला तेही चालणार होतं.

वाढदिवस फेब्रुवारीत होता. चोआ चू कांगहून त्याच्या यार्डातलं एक कुटुंब आलं, खालच्या मजल्यावरचं जोडपं आलं, सासूबाई पैठणी नेसून बसल्या. मी केकवर आकड्यांच्या मेणबत्त्या लावल्या, चार आणि तीन. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "त्रेचाळीस? एक्केचाळीस ना?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. हीच वेळ होती, मी त्याच्या हातात आणून दिली होती.

सासूबाई म्हणाल्या, "चुकून आणला असेल आकडा. तीच मोठी ना, तिला सगळेच मोठे वाटतात."

सगळे हसले. आमची मुलगी बारा वर्षांची आहे, तिला आकड्यांतला गोंधळ खपत नाही. ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "वेट, पप्पा, हू इज ओल्डर? यू ऑर मम्मा? टेल लाह."

मेणबत्त्यांचं मेण केकवर उतरत होतं. त्याने आईकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. मग त्याने तीनचा आकडा उपटला, त्याचं क्रीम चाटलं आणि म्हणाला, "मम्मा. मम्माच मोठी आहे."

मी केक कापला. सगळ्यांना दिला. सासूबाईंना गुलाबाचं फूल असलेला तुकडा दिला. मग खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि खिळ्याचं पदक काढलं. स्वयंपाकघरात कचऱ्याच्या चूटचं, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावर सोडायच्या उभ्या नळीचं, झाकण आहे. ते उघडून मी पदक आत सोडलं. ते आपटत, ठणठणत खाली जाताना बाहेर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू आलं.

नवरा दारात येऊन उभा राहिला. मी हात धुतले, पुसले आणि त्याला म्हटलं, "समजून घे. तू मोठा आहेस."