दोन शहाळी

शाहूपुरीत शहाळेवाल्याचा कोयता चालला आणि ओल्या सालीचा वास आला, की अजूनही मला एका जागी उभं राहवत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. किडन्या निकामी झालेले माझे वडील, आण्णा, दवाखान्यात होते. आजाऱ्याकडे रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून मी दोन शहाळी नेली. त्यांनी दोन्ही गटागटा संपवली. दुपारी त्यांचे हातपाय गळाले, छातीत धडधड सुरू झाली. नर्स धावत आली आणि डॉक्टरांनी सांगताच ग्लुकोजबरोबर इन्सुलिन द्यायला लागली.

मी ओरडलेच, "अवो, आमच्या आण्णांना शुगर न्हाय!"

"शुगरसाठी न्हाय हे," हात न थांबवता ती म्हणाली. "शहाळ्यात पोटॅशियम लई असतंय. किडनी ते भाईर टाकंना, म्हणून रक्तात साठलंय, हृदयावर आलंय. इन्सुलिननं ते पेशींच्या आत जातंय. डायलिसिस हुईपर्यंत तेवढाच वेळ मिळतोय."

मॉनिटरवरची टोकदार रेघ बघत मी उठत होते, बसत होते. घ्या गं आत, अजून थोडं घ्या, असं त्या न दिसणाऱ्या पेशींना मनातल्या मनात विनवत होते, आणि स्वतःवरच चिडत होते.

डायलिसिसनंतर आण्णा सावरले. मी रडत म्हणाले, "मला ठावंच नव्हतं, आण्णा."

"मला हुतं की," ते म्हणाले. "डॉक्टरांनी पयल्याच दिवशी सांगितलंतं. पर तू एवढ्या उन्हातनं आणलीतीस. नको कसं म्हणू?"