मी ज्यात बारीक दिसायचे तो फिल्टर

पाण्याच्या फिल्टरबरोबर आलेले रबरी वायसर मी पेंढा समजून बाजूला काढले आणि ते न लावताच फिल्टर जोडला. त्यामुळे नऊ महिने आमच्या घरातलं पाणी गाळलं जातच नव्हतं, आणि ते नऊ महिने मी त्या गाळलेल्या पाण्याची चव रत्नागिरीत दारोदार सांगत फिरत होते. कबूल केलेलं बरं. नातवंडांना आजी हुशार वाटते. हा गैरसमज किती दिवस वागवायचा, या वयात त्याचंही ओझं होतं.

पेंढाच का, ते सांगते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. हे कचेरीत नोकरीला, आणि घरामागे आंब्याची वीसेक कलमं. हंगामात आमच्या पडवीत पेट्या भरल्या जात. तळाला भाताचा पेंढा, त्यावर आंबे, मधे पेंढा, वर पेंढा, मग फळी ठोकायची. त्या दिवसांत घरभर एकच वास असे, अर्धा गवताचा, अर्धा पिकत आलेल्या फळाचा, आणि आम्ही सगळी माणसं त्या वासात तरंगत हिंडत असू. अशा घरात सून म्हणून आठ-दहा वर्षं काढली की एक शास्त्र हाडात शिरतं. पेटी उघडायची, माल घ्यायचा, बाकी राहील तो पेंढा.

फिल्टर आणायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्या श्रावणात आमच्या सहा वर्षांच्या मुलीला कावीळ झाली. तिच्या डोळ्यांत तो रंग कधी उतरला ते मला कळलंच नाही. चाफ्याची पाकळी देठाकडे जशी पिवळी होत जाते तशी ती हळूहळू पिवळी होत गेली. तीन आठवडे ती माजघरात निजून होती आणि मी तिच्या उशाशी बसून होते. बाहेर दिवस उजाडत, मावळत, पागोळ्या गळत, थांबत, पुन्हा गळत. मी कोणाशी बोलले, काय जेवले, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दर सकाळी खिडकीशी नेऊन मी तिची पापणी खाली ओढून बघत असे.

ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, "पोर अशक्त झाल्येय. वर्ष-दोन वर्षं पोटाला जपा. पुन्हा असलं काही झालं तर हिला झेपायचं नाही. पाणी उकळून द्या, निदान चांगला फिल्टर तरी घ्या."

उकळणं मला फार मागासलेलं वाटलं. फिल्टर म्हणजे कसं, स्टीलचा, चकचकीत, तोटीवाला. शिवाय संगमेश्वरला आमच्या वन्संकडे, म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीकडे, तो होता, आणि आमच्याकडे नव्हता. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

घरात विषय काढला तेव्हा सासूबाई विहिरीच्या बाजूने उभ्या राहिल्या. विहीर मागीलदारी, चिऱ्यांनी बांधलेली, पोफळींच्या सावलीत. दुपारी वाकून पाहिलं तर पाणी दिसायचं नाही, नुसता हिरवा काळोख दिसायचा, आणि त्यात आपलंच डोकं, लांब कुठेतरी, दुसऱ्या कोणाचं असावं तसं.

"या पाण्यावर माझी चार बाळंतपणं झाली," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीला काय धाड भरल्येय?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय," हे म्हणाले.

"डॉक्टर चिपळूणचा. त्याने आमची विहीर कधी पाहिलीन?"

पण नातीकडे पाहून त्या जरा नरमल्या. मग त्यांनी आपली अट सांगितली. पिण्याचं पाणी भरायचा मान घरात त्यांचा होता. पहाटे आंघोळ करून, सोवळ्याने, पंचाच्या चार पदरी घडीतून गाळून त्या पितळी पिंप भरायच्या, आणि दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागलेला त्यांना चालायचा नाही. "आणायचा तर आणा तो डबा," त्या म्हणाल्या. "पण त्यात पाणी मीच भरणार."

मी मनात म्हटलं, सासूबाई शरण आल्या. लग्नाला दहा वर्षं होत आली होती, आणि ही मी जिंकलेली पहिलीच लढाई. त्या आनंदात मी फिल्टर आणायला एकटी निघाले.

भांड्यांच्या दुकानात वरच्या फळीवर फिल्टर ओळीने मांडलेले होते. एक चिनी मातीचा, पांढराशुभ्र, निळ्या फुलांचा. त्याच्यावर माझा जीव जडला होता, पण दुकानदार म्हणाला की तो एकदा का ओट्यावर आपटला की त्याची फुलंच उरतात. एक प्लास्टिकचा, नळाला लावायचा. आमच्याकडे नळ नव्हता, रहाट होता. बाकी सगळे स्टीलचे, एक कँडलवाला, दोन कँडलवाला, तीन कँडलवाला. कँडल म्हणजे आत उभ्या बसवायच्या पांढऱ्या मातीच्या कांड्या. पाणी त्यांच्या अंगातून पाझरतं, घाण बाहेर राहते.

"दोन पुरतात, वहिनी," दुकानदार म्हणाला. "घरात माणसं किती?"

मी ऐकत नव्हते. समोर सात-आठ स्टीलची पोटं, आणि प्रत्येकात मी. एकात मी ठेंगणी, एकात नाक पसरलेलं, एकात गाल दोन्हीकडे वाहून चाललेले. बाहेर ऊन-पाऊस चालू होता, त्यामुळे दुकानातला उजेड सारखा बदलत होता आणि त्याबरोबर मीही बदलत होते. शेवटच्या, तीन कँडलच्या उंच फिल्टरात मी बारीक दिसत होते. अगदी शेवग्याची शेंग. बाळंतपणानंतर मी तशी कधीच दिसले नव्हते. मी मान जराशी वळवून पाहिलं. मानही लांब होती.

"हा द्या," मी म्हटलं.

"तीनचा? पाणी तेवढंच मिळतं हो."

"हाच द्या."

"बरं. जोडणी दाखवू का? सोपीच आहे, पण एकदा बघून ठेवा."

आणि इथे मी ते वाक्य बोलले, जे आठवलं की अजूनही मला पांघरुणात तोंड लपवावंसं वाटतं. मी म्हटलं, "आम्ही पेट्या भरणारी माणसं. आम्हाला काय खोकी उघडायला शिकवता."

घरी येऊन खोकं उघडलं. वर फाटक्या कागदाचा चुरा, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, मधे फिल्टर, त्यात कागदात गुंडाळलेल्या तीन कँडल, त्या खालून आवळायच्या चाक्या, आणि एका पिशवीत काळ्या रबराच्या सहा चकत्या. माल हलू नये, एकमेकांवर घासू नये म्हणून मधे काहीतरी मऊ घालतात, हे मला सांगायला नको होतं. कागद, पुठ्ठा, चकत्या, सगळं एका सुपात. मुलगी शेजारी बसून बघत होती. तिने चकत्या मागितल्या, मी दिल्या. कँडल भोकांत उभ्या केल्या, खालून चाक्या आवळल्या, आणि फिल्टर स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीखाली बसवला.

त्याच्यासमोर मी बसून राहायचे, हे खरं आहे. दुपारची निजानीज झाली की ओट्यासमोर पाट घ्यायचा आणि त्या स्टीलमध्ये बघायचं. सगळं स्वयंपाकघर त्याच्या पोटात वाकून शिरलेलं असे, वाशे, फडताळ, खिडकीतली पोफळ, आणि मधे शेवग्याची शेंग. आतून पाण्याचा आवाज येई. पुष्कळ येई. मला तो एखाद्या झऱ्याचा वाटायचा, आणि मी डोळे मिटून त्या झऱ्याच्या काठी जाऊन बसायचे. मुलगी येऊन मांडीत निजायची. तिच्या अंगाचा तापाचा वास जाऊन पुन्हा खोबरेल तेलाचा वास यायला लागला होता. तसं स्वस्थ मला त्याआधी फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि ते सगळं श्रेय मी तीन कँडलना देऊन टाकलं होतं.

खुणा काय थोड्या होत्या? वन्सं पत्रात लिहीत, आमचा फिल्टर रात्री भरावा तर सकाळी जेमतेम चार भांडी पाणी. आमच्याकडे सासूबाई वरून कळशी ओतायच्या आणि झाकण ठेवून वळतात तो खालचा भाग भरलेला. मी उलट टपाली कळवलं, की तुमच्या कँडल हलक्या असतील. आठवड्याला कँडल काढून मऊ ब्रशाने धुवायच्या, असं दुकानदार म्हणाला होता. मी धुवायचे, पण त्या मळायच्याच नाहीत, दुधासारख्या पांढऱ्या. मी म्हणायचे, आमची विहीरच तशी. सकाळी कधी फिल्टरला हात लागला तर तो कोमट लागायचा. मी म्हणायचे, पूर्वेची खिडकी. आळीतल्या बायका बघायला यायच्या, त्यांना मी फुलपात्रातून पाणी द्यायचे आणि विचारायचे, "फरक कळतोय ना?" कोण सांगणार कळत नाही म्हणून. सगळ्या मान डोलवायच्या.

सासूबाई त्या वेळी सुपात काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या. त्या मान डोलवायच्या नाहीत.

पुढच्या वैशाखात वन्सं माहेरपणाला आल्या. दुपारी पडवीत मुलीने भातुकली मांडली होती. आत्याला पाटावर बसवून तिने समोर पान मांडलं आणि त्यावर काहीतरी काळं वाढलं.

"हे काय गो?" वन्संनी विचारलं.

"घावन. नाचणीचे आहेत. गरम आहेत, फुंकर घाल."

वन्संनी एक घावन उचलला, बोटात घातला, फिरवून बघितला. मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, हे घावन तुझ्या फिल्टरचे आहेत."

"खोक्यातले आहेत. पॅकिंगचे."

"पॅकिंगचे नव्हेत. वायसर आहेत. कँडलच्या वर एक, खाली एक. नाहीतर पाणी कँडलमधून कशाला जाईल, ते बाजूच्या फटीतून सरळ खाली उतरतं." मग हसू आवरत म्हणाल्या, "म्हणून माझ्या कँडल हलक्या होय?"

मला हसू आलं नाही. नऊ महिने. या पोरीला मी नऊ महिने विहिरीचं पाणी जसंच्या तसं पाजत होते, आणि डॉक्टरांना सांगत होते, फिल्टरचंच देते हो. मी तिला उचललं, खिडकीशी नेलं आणि पापणी खाली ओढली. डोळा शहाळ्यातल्या मलईसारखा पांढरा होता. ती म्हणाली, "आई, घावन निवतायत." तरी माझे हात थांबेनात. मी दुसरा डोळा पाहिला. पुन्हा पहिला पाहिला.

सासूबाई मागीलदारी आमसुलं उन्हात घालत होत्या. मी तिथे जाऊन उभी राहिले, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आधी रडूच फुटलं. कसंबसं सांगितलं. वायसर, फट, नऊ महिने, सगळं. म्हटलं, पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं.

त्यांनी हातातली आमसुलाची सोलं उलटी करून पसरली, बोटांवरचा लाल रस पदराला न लागू देता चुलीच्या राखेने चोळला. मग माझ्याकडे न बघता जे बोलल्या, ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत.

"रडतेस काय, मी पहिल्या दिवसापासून पहाटे न्हाणीतल्या चुलीवर पाणी उकळून, निववून, मग त्यात ओतत आल्ये. विहीर माझी चांगलीच आहे, पण नात एकुलती. वरून ओतलं की खालून धो धो, ते काय मला दिसत नव्हतं? पण पोरीच्या दुखण्यात तुझं तोंड मिटलं होतं ते त्या डब्यापुढे बसून उघडलं, म्हटलं बसू दे. आता ते वायसर नीट लाव, आणि लागले की मला सांग, म्हणजे उद्यापासून तासभर जास्त निजेन म्हणत्ये."