सासूबाईंच्या अळवाची वाटणी

मंडळी, सकाळपासून हात खाजतायत, तरी टाईप करतेय.

सासूबाई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे सासरे, निपाणीहून आमच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये आले. सोबत कपड्यांची बॅग आणि सासूबाईंनी लावलेल्या अळवाची बादली. सहा महिने झाले, आप्पा दिवसभर त्या बादलीशेजारी बसून असतात. खाली चला म्हटलं की "नको" म्हणतात.

आज बादली तडकली. आत कंदांची नुसती दाटी! मी म्हटलं, "वेगळे करून कुंड्यांत लावूया, नाहीतर कुजतील."

"तिनं लावलंय. तोडू नको," म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

मी पुण्याची शहाणी, हाताला तेल न लावताच कंद सोडवायला घेतले. पाच मिनिटांत हातांची आग आग! खालच्या मजल्यावरच्या अक्कांकडे चिंच मागायला धावले, तर त्या स्वतःच चिंच घेऊन वर आल्या. अळू बघून आप्पांना कन्नडमध्ये म्हणाल्या, "अण्णा, मला एक कंद द्याल?"

आप्पा उठले. हातांना तेल चोळलं, कोंबासकट एक कंद अलगद सोडवला आणि अक्कांना दिला. मग पाव तास कन्नडमध्ये सूचना!

संध्याकाळी बघते तर आप्पा चपला घालतायत.

"कुठे निघालात?"

"अक्कांकडे. नीट लावलंय का बघून येतो. कोरडी माती तिला खपायची नाही."

अजून पाच कुंड्या तयार आहेत. आसपास कुणाला अळू हवंय का? न्यायला येऊ नका. आप्पा आणून देतील.