फरशी संपते तिथं

मी जन्माची भित्री. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागे बंधारा लागला. लग्न होऊन कडावजवळच्या गावात आले आणि नदीवरच्या त्या बंधाऱ्याची अशी धास्ती घेतली, की नवऱ्याला विचारून विचारून हैराण केलं. हे दगडी खांब कशाला, तर त्यांच्या खाचांत दिवाळीनंतर फळ्या बसवून पाणी अडवायचं. दोन्ही काठांना भिंती कशाला, तर पाण्यानं बाजूची शेतं खाऊ नयेत. आणि खाली सिमेंटची फरशी? वरून पडणाऱ्या पाण्याचा मार तिनं सोसायचा, नाहीतर बंधाऱ्याचा पायाच उकरला जाईल. फरशी संपते तिथं काय, हे मात्र मी विचारलं नाही.

घटस्थापनेआधी गावातल्या बायका त्या फरशीवर गोधड्या धुतात. फळ्या अजून बसलेल्या नसतात, खांबांमधून पाणी खळाळत येतं आणि फरशीवर जेमतेम गुडघाभर असतं. त्या वर्षी थोरली जाऊ आणि मी एक जाड गोधडी पिळायला घेतली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. पीळ घट्ट बसावा म्हणून ती ताणत ताणत मागे सरकत गेली. पाऊल शेवाळावरून सटकलं आणि ती दिसेनाशी झाली. पावसाळ्यातल्या पुरानं फरशीच्या कडेला डोह खणून ठेवला होता.

तिनं टोक सोडलं नव्हतं. डोकं वर आलं. ओली गोधडी मलाही त्या कडेकडे ओढू लागली. मला ओरडताही येईना.

"सोड गं," ती म्हणाली. "तू पन येशील."

मला सोडायचं होतं. खरंच होतं. पण भीतीनं बोटं अशी आखडली, की उघडेचनात. मग बाजूच्या बायकांनी माझी कंबर धरून मला मागे खेचलं आणि गोधडीबरोबर ती बाहेर आली.

घरी माझ्या धीराचं कौतुक सुरू झालं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. मी आपली कोपऱ्यात बसले होते. शेवटी जावेला एकटीला गाठून सांगितलं, की धीर कसला, बोटंच उघडली नाहीत.

 ती माझा हात चोळत म्हणाली, "सोड म्हनाले खरी. पन तू ऐकशील का काय, याचंच भ्या व्हतं."