सोळा आणे फॉर्म

मंगळवार पेठेत सायकल शर्यतीच्या नादानं बिघडलेली जेवढी माणसं होती, ती सगळी संध्याकाळ झाली की दादासो कांबळेच्या दुकानाकडं वळायची. दुकान म्हणजे काय, एक पत्र्याचं शेड, पंक्चर बघायची परात, बाबासाहेबांची तसबीर आणि खिळ्यांना टांगलेल्या ट्युबा. पण शर्यतीतला गडी किती तयार आहे हे सांगावं तर दादासोनंच, असा त्या भागात दंडकच होता.

त्याची तऱ्हा ठरलेली. घाट चढून आलेल्या गड्याची पोटरी हातात धरायची, अंगठ्यानं दाबायची आणि डोळे मिटून गप्प राहायचं. मग उठून दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहायचं, अमका बारा आणे, तमका चौदा आणे. आण्याचा हिशेब देशातून कधीचाच गेला, पण दादासोच्या फळ्यावर तो टिकून होता. लोक वर्तमानपत्र नंतर वाचायचे, आधी फळा वाचायचे. सोळा आणे त्यानं वीस वर्षांत फक्त दोनदा लिहिलं, आणि दोन्ही गडी दुसऱ्या दिवशी पहिले आले. तेवढ्यावर माणूस डोक्यावर चढतो हो. दादासोही चढला.

ही विद्या त्यानं तालमीत उचललेली. तरणा असताना त्यानं तिथं चार वर्षं घाम गाळला, त्याला मातीत उतरू द्यायला नाकं मुरडणारे होते तरी गाळला. तिथून त्यानं आणखी एक नेम आणला, अंग गरम असताना पाणी प्यायचं नाही. चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. पाणी पोटात गेलं की गडी ढिला पडतो, जड होतो. आज कुणीही शाळकरी पोरगं ह्याला हसेल. तेव्हा मात्र अख्ख्या पेठेचं शास्त्र हेच होतं आणि कुणाच्या बापाची त्याविरुद्ध बोलायची छाती नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात तीन दिवसांची घाट शर्यत लागली. मुंबईच्या एका कंपनीनं सायकलपटूंचा पगारी संघ काढला होता, आणि तीन दिवसांच्या एकूण वेळेत जे पहिले तीन येतील त्यांना त्या संघात घेणार होती. पोटापाण्याला सायकल! असलं इकडं कुणी ऐकलंही नव्हतं.

दादासोचा भाचा धम्मपाल ह्या शर्यतीत होता. वय तेवीस, उचगावचा. पहाटे पन्हाळा चढून यायचा आणि मग दिवसभर फौंड्रीत वितळलेला रस साच्यात ओतायचा. बाप लहानपणीच गेला. आई बायडाबाई चार घरची धुणीभांडी करायची. तिनं पोराला दहाव्या वर्षी भावाच्या दुकानात आणून उभं केलं आणि म्हणाली होती, "दादा, ह्येला तुझ्या हाती दिला बघ." दादासोला लेकरू नव्हतं. त्यानं पोराला खरंच हातात घेतलं.

पहिल्या दिवशी धम्मपाल दुसरा आला. दुसऱ्या दिवशी वैभववाडीतून करूळ घाट चढून गगनबावड्यावर यायचं होतं. उद्घाटनाचे पाहुणे उशिरा उगवले, भाषण ठोकून गेले, आणि सकाळी सातची शर्यत साडेदहाला सुटली. कोकणातलं एप्रिलचं ऊन, वर कातळ तापलेला. धम्मपाल अर्ध्या घाटापर्यंत सगळ्यांच्या पुढं होता. शेवटच्या चार किलोमीटरात मागं पडला आणि एकूण वेळेत पाचवा झाला.

संध्याकाळी दुकानापुढं ही गर्दी. बापूसो मगदूम सगळ्यांच्या आधी आला होता. गल्लीत त्याचं भांड्यांचं दुकान, खिशात कायम स्टॉपवॉच.

"दोन मिनिटं दहा सेकंद घालवली," बापूसो म्हणाला. "पोरगं संपलं. उद्या काय खरं न्हाय."

"संपलं म्हणं!" हंबीरराव उसळला. हा रिटायर झालेला एसटीचा ड्रायव्हर, शर्यतीमागं जीप घेऊन गेलेला. "आरं, राखून चालवली त्यानं. उद्या पन्हाळ्यावर बघ कशी काढतोय ती."

"राखून चालवणाऱ्याचं ओठ पांढरंफटक पडत्यात व्हय? मी गगनबावड्यावर हुतो. घाट चढून आला आणि अंगावर घामाचा टिपूस न्हाय. ह्यो कसला फॉर्म?"

"त्योच की फॉर्म! घाम गळतोय कच्च्या गड्याचा. ज्येचं अंग कोरडं, त्यो मुरलेला गडी. तू ताटवाट्या वीक, बापू."

सगळे हसले. बापूसोही हसला. घाम नाही ही गोष्ट त्यानं बरोबर पकडली होती, पण पकडून करायचं काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मग कोरड्या अंगावरून अर्धा तास वाद रंगला, आवाज चढले, कुणीतरी चहा सांगितला. शेवटी सगळ्यांची तोंडं दादासोकडं वळली.

धम्मपाल आतल्या स्टुलावर बसला होता. दादासोनं त्याची पोटरी हातात घेतली, अंगठा रोवला. अंगठा आत जाईना. असली निबर पोटरी त्यानं जन्मात धरली नव्हती. धम्मपालनं दात आवळले.

"काय म्हणतोय हात?" हंबीरराव बाहेरून ओरडला.

दादासो काही बोलायच्या आत धम्मपाल उठला आणि लंगडत शेडच्या मागं गेला. दादासो पाठोपाठ गेला. तिथं कुणी नव्हतं.

"मामा, लघवी काळी झालीया," धम्मपाल हळू आवाजात म्हणाला. "कोऱ्या च्यावानी. दुपारपास्नं एकदाच झाली. पाय लई दुखत्यात."

दादासोनं मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. हे नक्की सांगायला हवं, कारण पुढं त्यानं स्वतःलाच हजारदा सांगितलं की आपल्याला काही कळलं नव्हतं. कळलं होतं. काहीतरी वंगाळ आहे एवढं पक्कं कळलं होतं. पण समोर उद्याचा एकच दिवस उरला होता. पाचव्याचा तिसरा व्हायला दीड मिनिट पुरे होतं. डॉक्टरकडं न्यावं तर तो शर्यत बंद करायला लावणार, आणि बापूसो गावभर सांगत सुटणार की मी म्हणालो होतो.

"उष्णता हाय ती," तो म्हणाला. "रात्री सब्जा भिजवून घे. आणि ही दुखायची गोळी घे. कुणाजवळ बोलू नगंस. आईजवळ तर अजिबात न्हाय."

"उद्या बाटलीत पाणी घिऊ का, मामा? घसा पार चिकटतोय."

"चुळीपुरतं घे. पाणी न्हाय."

धम्मपालनं मान हलवली. मामाच्या शब्दापुढं तो कधी गेलाच नव्हता.

दादासो बाहेर आला. पंचवीस-तीस माणसं श्वास धरून उभी. त्यानं खडू उचलला आणि लिहिलं, धम्मपाल, सोळा आणे. हंबीररावानं शिट्टी मारली. बापूसो कान धरून म्हणाला, "हरलो बाबा!"

दुसऱ्या दिवशी धम्मपाल पन्हाळ्याच्या चढाला पहिला लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याच्या नावाचा गजर. नाक्याच्या अलीकडं त्याची सायकल वेडीवाकडी झाली, तो उतरला, सायकल नीट झाडाला टेकवली आणि खाली बसला. तो उठलाच नाही. लोकांनी उचलून सावलीत नेला, तोंडावर पाणी मारलं. मग घरी आणून तेल लावून पोटऱ्या चोळल्या. दादासोच म्हणाला, चोळा, मोकळ्या होतील. लघवी दोन दिवस झालीच नाही. तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं, आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं समजावून सांगितलं की पाण्यावाचून उन्हात शरीर ताणलं, त्यानं स्नायू फुटले, ती घाण मूत्रपिंडात अडकली, आणि वर दुखायच्या गोळ्या. "पहिल्या दिवशी आणला असता तर बहुतेक वाचली असती मूत्रपिंडं," तो म्हणाला. "लघवीचा रंग कधी बदलला? कुणाला बोलला होता का हा?"

बायडाबाईनं भावाकडं बघितलं. खाटेवरून धम्मपालनंही बघितलं.

"न्हाय जी," दादासो म्हणाला. "आमाला कायच म्हाईत न्हवतं."

धम्मपालनं डोळे मिटून घेतले.

वाट बघितली, महिने बघितले. मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली नाहीत. आईचं एक द्यावं म्हटलं तर तपासात तिची साखर निघाली, दादासोचा रक्तगट जुळेना. मग आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायचं, हेच धम्मपालचं आयुष्य झालं. सोमवार आणि गुरुवार. दादासो त्याला गाडीच्या मागं बसवून न्यायचा, चार तास बाकड्यावर बसायचा आणि परत आणायचा. एकही खेप त्यानं चुकवली नाही. फळा मात्र त्यानं उतरवला आणि कुणाच्याही पोटरीला पुन्हा हात लावला नाही.

लघवी होत नाही त्याला पाणी मोजून द्यायचं असतं. दिवसाला एक बाटली. धम्मपालच्या शर्यतीच्या सायकलीची बाटली दुकानात पडून होती, तीच मापाला धरली. रोज सकाळी दादासो ती भरायचा.

अशी सहा वर्षं गेली. दोन हजार चारच्या जुलैत बापूसोनं दादासोच्या दुकानात आपला जुना टीव्ही आणून बसवला, धम्मपालचा वेळ जावा म्हणून. परदेशातली डोंगरातली शर्यत संध्याकाळी लागायची. पुन्हा माणसं जमायला लागली, पुन्हा वाद.

"त्यो निळा गडी संपला," हंबीरराव म्हणाला. "खांदं बघ की कसं हलत्यात."

"संपतोय कशाचा? काल सगळ्यांच्या पुढं हुता," बापूसो म्हणाला. "आज राखून चालवतोय."

पडद्यावर निळ्या गड्यानं बाटली तोंडाला लावली, घटाघटा प्याला, उरलेली डोक्यावर ओतली. दुसरी घेतली, अर्धी प्याला आणि अर्धी भरलेली तशीच रस्त्याकडेला भिरकावली. चढावरचे सगळेच गडी पीत होते, ओतत होते, फेकत होते.

हंबीररावानं मान खाली घातली.

"फेकून देत्यात की," धम्मपाल म्हणाला. त्याचा आवाज साधाच होता.

बायडाबाई पोराला न्यायला आली होती, दाराशी छत्री मिटत उभी. दादासो तिच्याकडं वळला.

"बायडे, ह्यानं मला सांगितलं हुतं. घाटाच्या दिवशीच, संध्याकाळी. लघवी काळी झालीया म्हणून. मीच गप बस म्हटलं. पाणी मागितलं, त्ये बी मीच दिलं न्हाय. आणि डॉक्टरम्होरं खोटं बोललो."

बापूसोनं टीव्ही बंद केला. बायडाबाई छत्रीचं पाणी झटकत राहिली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "धम्मानं त्याच आठवड्यात सांगितलं."

"मग सा वरसं बोलली न्हाईस?"

"बोलून काय करू, दादा? तुला तोडला असता तर सोमवारी-गुरुवारी ह्येला दवाखान्यात कोण न्हेणार हुतं? त्येवढ्यासाठी गिळलं." तिनं भावाकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. "माफ बिफ केलं न्हाय मी. कधी व्हायचं बी न्हाय."

माणसं एकेक करून पायताण शोधत निघून गेली.

धम्मपालनं बाटली उलटी केली. रिकामी होती. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"मामा, एक घोट दे की. एकच."

दादासोनं बायडाबाईकडं बघितलं. तिनं तोंड रस्त्याकडं फिरवलं होतं. उद्या गुरुवार होता, आणि पोराचे पाय आताच सुजले होते.

"न्हाय, धम्मा," तो म्हणाला. "चूळ भर हवी तर. पाणी न्हाय."

धम्मपालनं मान हलवली.